चाकांवरचा तराजू

कुठल्याही नमकीनच्या कारखान्यात पाऊल टाकलं की मी आधी गोदामाच्या दाराची चौकट बघतो. मालक नवं पॅकिंग मशीन दाखवायला पुढे निघालेला असतो आणि मी मागे चौकटीशी वाकून उभा. जमिनीपासून वीतभर उंचीवर पिवळा रंग खरवडलेला असेल, तर तिथे माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टच्या फोर्कची, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी हातांची, टोकं घासली आहेत. कमरेच्या उंचीवर पत्रा आत गेला असेल, तर वळताना गाडीची मागची बाजू लागली आहे. आणि वरच्या पट्टीला पोचा आला असेल, तर कुणीतरी मास्ट, म्हणजे फोर्क वरखाली नेणारा उभा सांगाडा, खाली न घेताच दारातून गाडी काढली आहे. अपघाताच्या रजिस्टरमध्ये यातलं काही नसतं. रजिस्टर कोरं आणि चौकट भरलेली, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता रजिस्टर मागतच नाही.

इंदूरचा सांवेर रोड, पालदा, आणि पुढे धार जिल्ह्यातलं पीथमपूर, या पट्ट्यात माझी नोकरी गेली, तीही बहुतेक स्टोअर आणि डिस्पॅचमध्ये. सराफ्यात, इंदूरच्या त्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून खाणाऱ्याला शेव दिसते. मला तिच्या मागची बेसनाची पोती, पामतेलाचे डबे, खोकी आणि त्या सगळ्याखालचं पॅलेट, म्हणजे फोर्क घालून उचलायचं फळ्यांचं बूड, दिसतं. हल्ली आपल्या मराठी घरांतली पुष्कळ मुलं फूड टेक्नॉलॉजी शिकून अशा कारखान्यांत सुपरवायझर म्हणून लागतात. तेलाची आम्लता, पिठाचा ओलावा, पाकिटातला नायट्रोजन, सगळं त्यांना तोंडपाठ. फोर्कलिफ्टचा विषय काढला की मात्र उत्तर एकच: "ते ड्रायव्हर बघतो ना, काका." म्हणून हे लिहितोय. ड्रायव्हरने काय बघायचं ते त्याला बहुधा माहीत असतं. शेजारून चालणाऱ्याला आणि कामाचा हुकूम देणाऱ्याला माहीत नसतं, आणि भानगड तिथूनच सुरू होते.

दोन टन म्हणजे नेमके किती?

फोर्कलिफ्ट म्हणजे छोटा ट्रक, हा पहिला गैरसमज. ट्रक आपला माल चारही चाकांच्या मध्ये घेऊन चालतो. फोर्कलिफ्ट माल चाकांच्या बाहेर, समोर हातावर धरते. म्हणजे तो तराजू झाला. सियागंजातल्या जुन्या पेढ्यांवर दांडीचा तराजू असायचा, तो डोळ्यांसमोर आणा. दांडी जिथे टांगलेली असते ती जागा म्हणजे गाडीची पुढची चाकं. एका पारड्यात माल आणि दुसऱ्या पारड्यात गाडीच्या मागे बसवलेला ओतीव लोखंडाचा ठोकळा. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत ती अवजड बॅटरीसुद्धा याच पारड्यात धरलेली असते. म्हणूनच दोन टन उचलणाऱ्या गाडीचं स्वतःचं वजन साडेतीन टनांच्या आसपास भरतं. दिसायला ती लहान मोटारीपेक्षा आखूड, वजनाला मात्र तिच्या चौपट.

आता तराजूचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे: वजन तेच ठेवलं तरी ते टांगण्यापासून जितकं लांब न्याल तितकं जड होतं. गाडीवर '२००० किलो' असं लिहिलेलं असतं त्याच्या शेजारी '५०० मिमी' हाही आकडा असतो, आणि तो कुणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा, की फोर्कच्या उभ्या पाठीपासून मालाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल तरच दोन हजार किलो. एक मीटर खोलीचं पॅलेट पाठीला टेकवून घेतलं की मध्य बरोबर ५०० मिलिमीटरवर येतो.

हिशोब करून बघू. पुढच्या चाकांच्या आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंत साधारण ४०० मिलिमीटर धरा. म्हणजे मालाचा मध्य आसापासून ९०० मिलिमीटरवर, आणि गाडीची ताकद २००० गुणिले ९००. आता पॅलेट वीतभर, म्हणजे २०० मिलिमीटर, अर्धवट घेतलं. घाई होती, किंवा मागचं खोकं पाठीला चेपेल अशी भीती होती. मध्य ११०० मिलिमीटरवर गेला. तीच ताकद ११०० ने भागली की उरले साधारण १६३५ किलो. एका वितीत साडेतीनशे किलो गेले. बेसनाची ५० किलोची सात पोती! प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे, म्हणून पाटी वाचायची. पण चाल हीच. माल जितका वर उचलाल तितकी क्षमता आणखी घटते, फोर्कला जोडलेलं एखादं साधन असेल तर आणखी. जुन्या गाड्यांवर ही पाटी सापडतच नाही, कारण दिवाळीआधी गाडीला रंग देताना कुणीतरी तीही हौसेने रंगवून टाकलेली असते.

आणि हो, मागची चाकं उचलली जातात म्हणून दोन पोरांना मागे उभं करून वजन द्यायचं, हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. गाडी 'मी हे उचलू शकत नाही' असं इतक्या स्पष्टपणे सांगत असताना तिच्यावर आणखी दोन जीव चढवायचे!

चार चाकं, तीन पाय

तराजू पुढे झुकतो हे लगेच पटतं. आडवं पडणं समजायला अवघड जातं. फोर्कलिफ्टला चार चाकं दिसतात, पण ती उभी असते तीन पायांवर. मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलता बसवलेला असतो, म्हणजे जमीन थोडी वरखाली असली तरी चारही चाकं टेकून राहावीत. या सोयीची किंमत अशी, की मागच्या बाजूला आधार दोन चाकांचा उरत नाही, त्या एका खिळीचा उरतो. पुढची दोन चाकं आणि मागची खीळ, ही झाली तिवई. गाडी, माल आणि चालक या सगळ्यांच्या वजनाचा मध्य या तिकोनाच्या आत आहे तोवर गाडी उभी. बाहेर पडला की आडवी, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा.

यातून निघणारी एक गोष्ट सांगितली की नवे चालक माझ्याकडे संशयाने बघतात: रिकामी गाडी भरलेलीपेक्षा सहज आडवी होते. माल काढला की वजनाचा मध्य मागे सरकतो, आणि मागे तिकोन निमुळता आहे. शिफ्ट सुटताना रिकामी गाडी चार्जिंगला न्यायची असते, चहा निवत असतो, चालक मोकळ्या जागेत झोकात वळण घेतो. तिथेच ती पडते. भरल्या गाडीला तो जपत असतो. रिकामीला कोण जपतं?

माल वर उचलून वळणं हे दुसरं. डोक्यावर भरला हंडा घेतलेली बाई कशी अख्खी, संथ वळते. तसं तर वळा. पण खरं म्हणजे माल वर ठेवून वळूच नये. चालताना फोर्क जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर, मास्ट किंचित मागे कललेला, आणि माल रॅकच्या समोर पोचल्यावरच वर. रॅम्पवर नियम उलटसुलट वाटतो पण मूळ एकच आहे: भरलेली गाडी असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला. म्हणजे चढताना सरळ, उतरताना रिव्हर्समध्ये. रिकामी असेल तर फोर्क उताराकडे. आणि रॅम्पवर वळायचं नाही, कितीही रुंद असला तरी.

तेलाच्या हजार लिटरच्या टाक्यांचा स्वभाव वेगळा. अर्धं भरलेलं टाकं जास्त धोक्याचं, कारण आतलं तेल हिंदकळतं. गाडी थांबते, तेल थांबत नाही; ते पुढच्या भिंतीवर जाऊन आपटतं आणि वजनाचा मध्य चालकाला न विचारता हलतो. डिसेंबरच्या थंडीत पामतेल थिजलेलं असतं तेव्हा तेच टाकं दगडासारखं शहाणं वागतं. मे महिन्यात त्याच्यावर तसाच विश्वास टाकला की फजिती.

शेपटीचा फटका

मोटार पुढच्या चाकांनी वळते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी, नावेच्या सुकाणूसारखी. त्यामुळे गाडी डावीकडे वळायला लागली की तिची मागची बाजू उजवीकडे झपकन बाहेर फेकली जाते. शेजारून चालणारा माणूस फोर्ककडे बघत असतो, कारण भीती त्या टोकांची वाटते. त्याला लागतं मात्र मागचं लोखंड. रॅक आणि गाडी यांच्यामध्ये, भिंत आणि गाडी यांच्यामध्ये, खांब आणि गाडी यांच्यामध्ये चिरडणं, ही चालत्या माणसाच्या अपघाताची नेहमीची जागा. 'बाजूला उभा राहा' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. बाजूला नाही, वाटेतून पूर्ण बाहेर. आणि जायचंच असेल तर चालकाशी नजर मिळवून, त्याने मान हलवल्यावर. आमच्याकडे सगळे "भिया, जरा निकलने दो" म्हणत निघून जायचे, आणि म्हणेपर्यंत निघालेले असायचे.

ताशी ८ किलोमीटर ऐकायला काहीच नाही. सायकलवाला जास्त वेगात जातो. पण ते सेकंदाला सव्वादोन मीटर झाले. चालकाने बघून, कळून, पाय ब्रेकवर ठेवायला एक सेकंद घेतला तर ब्रेक लागायच्या आधीच साडेतीन-चार टनांची गाडी सव्वादोन मीटर पुढे आलेली असते, वर माल वेगळा. आणि जोरात ब्रेक मारला तर गाडी थांबते, माल फोर्कवरून पुढे घसरतो.

धुतलेली फरशी

आतापर्यंतचं सगळं सिमेंटच्या गोदामालाही लागू आहे. खाद्यपदार्थांच्या कारखान्याची गोष्ट वेगळी होते ती फरशीपासून. २०११ च्या खाद्य परवाना नियमांचं परिशिष्ट ४ वाचा: जागा स्वच्छ करता आली पाहिजे, पाणी तुंबता कामा नये. बरोबरच आहे. त्यात हे गाव इंदूर, २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं आलेलं. धुण्यापुसण्यात आम्ही कुणाला हार जात नाही. पण पाणी वाहून जायचं तर फरशीला उतार हवा आणि गटाराला जाळी हवी. फोर्कलिफ्टला या दोन्ही गोष्टींचं वावडं आहे.

शंभराला दोन असा उतार डोळ्याला दिसत नाही. गोटी ठेवली तर कळेल. पण चार मीटर उंच उचललेला माल त्या उतारावर आठ सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो, तिवईच्या कडेकडे. गाडीला ट्रकसारखी स्प्रिंग नसते, चाकं लहान आणि बऱ्याचदा भरीव रबराची. जाळीची कड अर्धा इंच वर आली असेल तर तो झटका थेट मास्टच्या टोकापर्यंत जातो आणि तिथे त्याचा हेलकावा होतो. म्हणून नवा कारखाना आखताना मी एकच हट्ट धरायचो, आणि आर्किटेक्ट वैतागायचा: जिथे धुता तिथे उंच रचू नका, आणि जिथे उंच रचता तिथे गटार काढू नका.

तळणीच्या बाजूला तेलाचा सूक्ष्म थर फरशीवर बसतो. त्यावर बेसनाची धूळ पडली की जे तयार होतं त्याला नाव नाही, पण त्यावरून चाललेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. धुताना वरून साबणाचं पाणी टाकलं की पाच-दहा मिनिटं ती फरशी सगळ्यात निसरडी असते, कारण तेल सुटलेलं असतं पण निघून गेलेलं नसतं. नेमकी हीच वेळ शिफ्ट बदलायची. एका कारखान्यात (नाव कशाला घेऊ) धुणारी टोळी आणि रात्रीचा डिस्पॅच एकाच दारात, एकाच वेळी समोरासमोर यायचे. मी महिनाभर पत्रं लिहिली. शेवटी धुण्याची वेळ अर्धा तास पुढे सरकवली आणि प्रश्न मिटला. एक पैसा लागला नाही.

शीतगृहात आणखी निराळं. उणे १८ अंशांच्या खोलीचं दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, दाराशी धुकं होतं आणि उंबऱ्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. चालक उजेडातून आत जातो, चष्म्यावर वाफ, समोर धुकं, चाकाखाली बर्फ, तिन्ही एकाच दोन मीटरमध्ये. थंडीत बॅटरी लवकर उतरते. आणि जिथे थंडावा अमोनियावर चालतो तिथे वरून जाणाऱ्या नळ्या हा वेगळाच विषय. उचललेला मास्ट त्या नळीला लागला तर ते नुसतं नळीचं नुकसान राहत नाही, अख्खी इमारत रिकामी करायची वेळ येते. तिथे नळ्यांच्या आधी, त्यांच्यापेक्षा खाली, एक आडवी लोखंडी पट्टी टांगतात. मास्ट त्या पट्टीला आपटू दे, आवाज होऊ दे.

हलका माल

जड माल धोक्याचा आणि हलका बिनधोक, असं वाटणं साहजिक आहे. नमकीनच्या कारखान्यात उलट घडतं. बेसनाची वीस पोती म्हणजे हजार किलो, पण ती कमरेएवढ्या उंचीत बसतात. चालकाला वरून समोरचं दिसतं. तयार शेवेची खोकी चार-पाच किलोंची. अख्खं पॅलेट दोन-अडीचशे किलो भरतं, गाडीला ते जाणवतसुद्धा नाही. पण ते माणसाच्या उंचीचं असतं, भिंतीसारखं. चालक मग डावीकडून मान काढून चालवतो आणि त्याची उजवी बाजू आंधळी. उपाय जुना आहे, रिव्हर्समध्ये चालवायचं, मान वळवून, जायच्या दिशेला बघत. मान दुखते, खरं आहे. म्हणून खोक्यांची एक थर कमी रचावी हे मी सुचवलं होतं; ट्रकमध्ये माल कमी बसेल म्हणून ते मान्य झालं नाही. डिस्पॅचवाल्यांचं गणित मला कळतं, मी त्यांच्यातलाच होतो.

हॉर्नवर फार विसंबू नका. पॅकिंग हॉलमध्ये मशीनचा खडखडाट, बायकांच्या डोक्याला जाळी, वर टोपी, तोंडाला मास्क, कानात इअरप्लग. ही सगळी साधनं आपणच दिलेली. त्यात दारावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, माशी आणि धूळ येऊ नये म्हणून. तो जुना झाला की दुधी होतो आणि पलीकडचं काही दिसत नाही. पडदा बदलणं हे साफसफाईचं काम समजतात, खरं ते नजरेचं काम आहे. माणसांचं दार आणि गाडीचं दार वेगळं करता आलं तर बाकी निम्मे उपदेश लागत नाहीत. दुसरं दार पाडायला चार दिवस लागतात.

हँड पॅलेट

हाताने ओढायचा पॅलेट जॅक, आमच्याकडे नुसतं 'हँड पॅलेट', याला कुणी यंत्र मानत नाही. ना चावी, ना मोटर, ना हॉर्न. बहुतेकांना ब्रेकही नसतो. पण तो दोन-अडीच टन उचलतो. दांडा खालीवर पंप केला की जेमतेम आठ सेंटिमीटर उंचीचे फोर्क वीस सेंटिमीटरपर्यंत उचलले जातात, आणि मुठीतला खटका वर ओढला की खाली बसतात. सपाट, कोरड्या फरशीवर हजार किलो माल एकटा माणूस गप्पा मारत ओढून नेतो. फसवणूक तिथेच आहे, कारण ओढायला हलकं लागलं तरी थांबवायला ते हजार किलोच असतं.

रॅम्पवर ही फसवणूक उघडी पडते. शंभराला पाच असा साधा उतार, वर हजार किलो. तो माल खाली खेचला जातो ५० किलोच्या जोराने. निसरड्या फरशीवर गमबूट घातलेला माणूस तेवढं धरून ठेवू शकत नाही. म्हणून उतारावर हँड पॅलेट न नेलेलंच बरं. नेणं भागच असेल तर माणूस नेहमी मालाच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला कधीच नाही. सुटलं तर सुटू दे. माल धरायला पुढे आडवं होणं ही निष्ठा नव्हे.

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख आजही वाकडं येतं. ऐन दिवाळीचा हंगाम, रात्रीचे अकरा, मी सुपरवायझर, म्हणजे माझ्या मते बूट इतरांसाठी. पायात चपला. हमाल जेवायला गेलेले, म्हणून तेलाच्या डब्यांचं पॅलेट मीच सरकवायला घेतलं. मागे चालत ओढत होतो, टाच जाळीच्या कडेला अडखळली, पाय थांबला आणि पॅलेट थांबलं नाही. चूक मोजायला बसलो तर चार सापडल्या: चपला, उलटं चालणं, वाटेतली जाळी न बघणं, आणि 'एवढंसंच तर आहे'. यातली चौथी सगळ्यात जुनी. आता ढकलता येईल तिथे ढकलतो, ओढावंच लागलं तर एका बाजूने, तोंड चालायच्या दिशेला. भारतीय मानक १५२९८ च्या भाग २ मधल्या सुरक्षा बुटांची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे सुमारे वीस किलोचं वजन एक मीटरवरून पडलं तर. ओल्या फरशीसाठी तीच पोलादी टोपी असलेले गमबूटही मिळतात. पोरं म्हणतात जड वाटतात. वाटतात.

बॅटरीवरच्या पॅलेट ट्रकला दांड्याच्या डोक्यावर, बहुधा लाल, एक मोठं बटण असतं. मागे चालताना माणूस भिंतीत आणि दांड्यात अडकला तर ते पोटाला दाबलं जाऊन गाडी आपोआप उलट दिशेला जाते. रोज सकाळी ते हाताने दाबून बघायचं असतं. मी विचारलं की बरेच जण म्हणतात, हॉर्न आहे तो.

हँड पॅलेट उभं करताना फोर्क पूर्ण खाली, दांडा सरळ उभा, आणि वाटेत नाही. आडव्या पडलेल्या फोर्कला अडखळून पडलेली माणसं मी गाडीने लागलेल्यांपेक्षा जास्त पाहिली.

धक्क्यावर

ट्रक धक्क्याला लागला की फोर्कलिफ्ट आतबाहेर करते आणि प्रत्येक फेरीत ब्रेकच्या झटक्याने ट्रकला सूतभर पुढे ढकलते. वीस फेऱ्यांनी ट्रक आणि धक्का यांत फट पडते. दुसरा प्रकार सरळ गैरसमजाचा: ट्रकवाल्याला वाटतं माल भरून झाला, तो गाडी काढतो, आणि फोर्कलिफ्ट अर्धी आत असते. चाकाला दोन्ही बाजूंनी गुटके आणि ट्रकची चावी डिस्पॅचच्या खुंटीला, एवढं पुरतं. ट्रकवाले चावी द्यायला कुरकुरतात. चहा पाजावा. ट्रकची लाकडी फळीही एकदा पाय आपटून बघावी. वरून ताडपत्री घट्ट असते म्हणून खालून लाकूड घट्ट असेलच असं नाही.

यंत्राची तपासणी थोडक्यात सांगतो, कारण यादी प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर टांगलेली असते आणि तिच्यावर आठवड्याच्या सह्या एकदम होतात. दोनच गोष्टी. फोर्क जिथे वाकून आडवा होतो ती टाच जमिनीला घासून झिजते. जाडी दहा टक्के गेली, म्हणजे ४० मिलिमीटरची ३६ झाली, की फोर्क बाद. दहाच टक्के तर आहेत असं म्हणू नका. वाकण्याला विरोध जाडीच्या वर्गावर असतो, त्यामुळे ताकद जवळपास वीस टक्के गेलेली असते. दुसरं, हायड्रॉलिक नळीतून तेल झिरपतंय का हे हाताने चाचपून बघू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाखालचं तेल कातडीत घुसतं, वरून टोचल्याएवढंच दिसतं आणि आत हात सडतो. पुठ्ठा फिरवायचा, त्यावर डाग पडतो. पुठ्ठ्याला नमकीनच्या कारखान्यात काय तोटा?

खंडेनवमीला गाडीची पूजा होते, चाकाखाली लिंबू, मास्टला झेंडूचा हार. मीही हात जोडतो. फक्त हार साखळीत अडकू नये आणि आरसा झाकू नये एवढं बघतो. पुढचे दोन दिवस तो हार काढायला कुणी धजत नाही.

बंद गोदामात डिझेलची गाडी नकोच. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला, आणि वास मालाला. तळलेला पदार्थ वास पटकन धरतो. म्हणून बॅटरीची गाडी. पण शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीची वाट बघत बसतो. चार्जिंगची जागा हवेशीर, बेसनाच्या धुळीपासून दूर, आणि जवळ डोळे धुवायला पाणी. लिथियमच्या बॅटरीत हे आम्ल आणि रोजचा हायड्रोजन नसतो, म्हणून नवे कारखाने तिकडे वळताहेत.

अंगणातल्या चिखलातून आलेली गाडी तशीच पॅकिंगमध्ये, शेंगदाण्याच्या गोदामातले फोर्क तसेच शेंगदाणे नसलेल्या मालाखाली, तुटक्या लाकडी पॅलेटचा खिळा पोत्यात, असले प्रकार तपासणीला आलेले अन्नवाले लगेच पकडतात. त्यांच्या वहीत ती अस्वच्छता असते. माझ्या वहीत तो खिळा आधी माणसाच्या तळहाताला लागलेला असतो.

गाडी पडायला लागली तर

दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस असतो. छातीला बिल्ले लागतात, शपथ होते, पोहे-जिलबी होते. अपघात झाला की मात्र पहिलं वाक्य येतं, "ड्रायव्हर नवीन होता." मग नव्याला गाडी दिली कुणी? १९४८ चा कारखाने कायदा घ्या किंवा त्याच्या जागी आणलेली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता घ्या, कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचं ओझं आधी मालकावर आहे. मोटारीचं लायसन्स असणं आणि फोर्कलिफ्ट येणं या दोन वेगळ्या गोष्टी. अमेरिकेच्या नियमात चालकाला दर तीन वर्षांनी पुन्हा तपासतात, आणि अपघात थोडक्यात टळला तरी पुन्हा शिकवतात. टळलेल्याला मोजतात हे मला आवडतं. चौकटीवरचा ओरखडा तोच असतो.

शिकवण्यासारखी एक गोष्ट कागदावर शिकवता येत नाही. बसून चालवायची गाडी आडवी पडायला लागली की माणूस उडी मारतो. शरीर विचारत नाही. आणि गाडी ज्या बाजूला पडते त्याच बाजूला तो पडतो, वरून छताचा लोखंडी सांगाडा त्याच्यावर येतो. वाचण्याचा मार्ग उलटा आहे: पट्टा लावलेला, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय आत रोवायचे, आणि गाडी पडते त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवायचं. त्या सांगाड्याच्या आतच राहायचं.

आम्ही बंद गाडीत याचा सराव घ्यायचो, महिन्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीनंतर. चालक पट्टा लावून बसायचा, मी मागून अचानक "गिरी! दाएँ!" असं ओरडायचो आणि त्याचे पाय बघायचो. पहिल्या दिवशी तिघांपैकी तिघांचा पाय बाहेर आला. त्यात एक काका होते, वीस वर्षं गाडी चालवलेले. त्यांनी तर पट्टाच सोडला. सगळे हसले, तेही हसले, आणि पुन्हा बसले. चौथ्या महिन्यात मी ओरडलो तेव्हा काकांचे दोन्ही पाय आत होते, हात स्टिअरिंगवर, अंग डावीकडे, आणि तोंडातला पानाचा तोबरा शर्टावर.